आज वाघ तुम्ही

माझं नाव नम्रता. आमच्या अंगणवाडीच्या बाईंनी ते सुचवलं आणि माझ्या बापानं मान डोलावली. पुढचं दोघांनाही दिसलं नव्हतं. आडनाव असवले. महादेव कोळी, आदिवासी. आंबेगाव तालुक्यात धरणाच्या वरच्या अंगाला आमची हिरडेवाडी आहे. पुण्यात हे कुणी सरळ विचारत नाही. "असवले म्हणजे मूळचे कुठले?" असं लांबून विचारतात, आणि उत्तर मिळालं की "अरे वा, छान!" म्हणतात. त्यात छान काय, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

हडपसरला आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहून मी कॉलेज केलं आणि मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर एक फिल्म केली. रानात हिरडा गोळा करणाऱ्या आमच्या बायांवर. ती पुण्यातल्या एका महोत्सवात दाखवली. टाळ्या झाल्या, आणि मग एक गृहस्थ माईक घेऊन उभे राहिले. "तुम्ही इतकं शुद्ध मराठी कुठे शिकलात?" मी म्हटलं, "तुम्ही शिकलात तिथेच. शाळेत. फक्त माझ्या शाळेत वह्या फुकट मिळायच्या." लोक हसले. गृहस्थ नाही हसले. फिल्मबद्दल मात्र कुणी एक प्रश्न विचारला नाही.

त्या कौतुकावर पोट भरत नाही म्हणून मी लग्नाचे व्हिडिओ शूट करायला लागले. अंतरपाट, अक्षता, नवरीचे डोळे, नवरदेवाचे बूट. आणि एक दिवस आमोद गद्रे यांचा फोन आला.

आमोद सर म्हणजे मालिकांच्या धंद्यातलं जुनं खोड. कथा, पटकथा, संवाद, तिन्ही त्यांच्या नावावर. त्यांची नवी मालिका सुरू होत होती, 'रानवेल चढली माडीवर'. नावावरूनच कळलं असेल. चांदणी नावाची आदिवासी पोरगी, पुण्यातल्या बिल्डरच्या बंगल्यात सून म्हणून येते. "तुझी फिल्म बघितली," सर म्हणाले. "जरा लांबली होती. पण कान चांगला आहे तुझा. आम्हाला बोली सल्लागार हवाय."

ऑफिस कर्वेनगरला, एका सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. लिफ्टपाशी सोसायटीनं पाटी लावली होती: 'मालिकेच्या लोकांनी इथे उभे राहून चर्चा करू नये. पुढे काय होणार हे सर्वांना माहीत असते.' मला त्या पाटीचा फार आधार वाटायचा.

पहिल्या दिवशी सरांनी चांदणीचा सीन हातात दिला. "आमी रानाची लेकरं, आमाला शेरातलं काय बी ठाव न्हाय." मी म्हटलं, "सर, ही मुलगी मोबाइलवर रिचार्ज मारते. बारावी झालीय. तिला सगळं ठाऊक आहे." सर म्हणाले, "मग लिही तू." मी लिहिला. दुसऱ्या दिवशी दुसरा लिहिला. मग सरांना उशीर होऊ लागला, कधी पाठदुखी, कधी पाहुणे, आणि रात्रंदिवस चालणाऱ्या शूटिंगचं ओझं माझ्या टेबलावर येऊन पडलं. चांदणीची आत्या, ती तोंडाळ भिमाई, जिच्यासाठी लोक मालिका बघतात असं चॅनेलवालेच म्हणतात, ती अख्खी माझी. तिचं एक वाक्य सरांनी लिहिलेलं नाही.

आणि टायटल्समध्ये? कथा, पटकथा, संवाद – आमोद गद्रे. मी कुठे, तर शेवटी 'विशेष सहकार्य' मध्ये, साड्यांचं दुकान आणि जेवण पुरवणारे मामा यांच्या मधोमध. तेही पापणी लवेपर्यंत.

माझा बाप, महिपती असवले, टीव्हीच्या काचेला नाक लावून बसायचा. फोनवर विचारायचा, "नम्रे, गेलं का गं नाव? मला न्हाय घावलं."

"गेलं, बा."

"उंद्या परत बगतो." आणि लगेच, "का फुकटच नाचवत्यात तुला?"

फोन ठेवला की अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आयत्या बिळावर नागोबा ऐकून होते, पण इथे बीळ उकरणाऱ्या उंदरानंच नागोबाला रोज सकाळी मेल करून बीळ पाठवायचं, अशी व्यवस्था होती.

शेवटी एकदा सरांसमोर उभी राहिले. "सर, संवाद मी लिहिते. नाव पाहिजे मला."

"अगं, मिळेल गं. घाई काय आहे? पुढच्या ट्रॅकला देतो. 'संवाद सहाय्य – नम्रता असवले.' खूश?"

सहाय्य! बरं, म्हटलं, दारात पाय तरी घालू. मग सरांनी मला पुढचा ट्रॅक सांगितला. मालिकेतल्या एका वळणाच्या गोष्टीला ट्रॅक म्हणतात. तर गोष्ट अशी, की चांदणीच्या गावात वाघ येतो, एक पोर उचलून नेतो. गावकरी ठरवतात की वाघोबा कोपलाय, त्याला नवरी द्यायला हवी. जुनी प्रथा आहे म्हणे. चांदणीच्या धाकट्या बहिणीला हळद लावून झाडाला बांधतात. मशाली, ढोल, तोंडाला पांढरे पट्टे. आणि चांदणीचा नवरा जीपमधून येऊन तिला सोडवतो.

मी ऐकतच राहिले. "ही प्रथा कुणाची, सर?"

"कुणाचीच नाही. काल्पनिक आहे. खाली तशी पट्टी टाकू."

"आमच्याकडे बिबट्यानं शेळी नेली तर आम्ही वनखात्याला फोन करतो. पोरगी नाही बांधत झाडाला."

"वनखात्याला फोन केल्यावर टीआरपी येत नाही, नम्रता." सरांनी चष्मा पुसला. "हे बघ, नाव हवंय ना? तुझं नाव असलं की कुणी बोट दाखवणार नाही. आदिवासी मुलीनंच लिहिलंय म्हणता येईल."

म्हणजे कळलं का तुम्हाला? इतके महिने जे नाव मिळत नव्हतं ते आता मिळणार होतं, आणि ते ह्या घाणीवर शिक्का म्हणून मिळणार होतं. बाप काचेला नाक लावून बसणार, नाव सापडणार, आणि नावाखाली त्याच्या भाचीसारख्या पोरीला झाडाला बांधणार. मी मूग गिळून घरी आले आणि भिंतीवर उशी फेकून मारली.

चॅनेलच्या कथाविभागाच्या प्रमुख शेफाली मॅडम मुंबईहून येणार होत्या. हिंजवडीच्या एका हॉटेलात त्यांचं कसलंसं संमेलन होतं, म्हणून नॅरेशन तिथेच ठेवलं. नॅरेशन म्हणजे लेखकानं पुढचा ट्रॅक तोंडी सांगायचा. त्यांनी हो म्हटलं की शूटिंग. मला फक्त बोलीभाषेची शंका आली तर सांगायला नेणार होते. मी स्कूटीवर निघाले, सर त्यांच्या मोठ्या गाडीनं. सकाळच्या वेळी हिंजवडीला गाडीनं जाणारा माणूस एकतर नवीन असतो नाहीतर गर्विष्ठ. मी कंपन्यांच्या बसगाड्यांच्या फटीतून वाट काढत काढत पोचले, आणि सर भूमकर चौकात अडकले.

खोलीत दोघंच होते. शेफाली मॅडम, आणि आमचे निर्माते रविराज शेठ. शेठ हडपसरचे. आजोबांची उसाची शेती होती, तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आणि त्या पैशातून शेठ मालिका काढतात. मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या, "माझी पुढची मीटिंग आहे. कोणीतरी स्टार्ट करा, प्लीज."

मी सरांना फोन लावला. "तू वाच," सर हॉर्नच्या गोंगाटात ओरडले. "मेलवर पाठवलंय ते वाच फक्त! एक काना इकडचा तिकडे करू नकोस!"

मी मोबाइलवर ते उघडलं. पहिली ओळ वाचली. "चांदणीच्या पाड्यावर वाघोबाचा कोप झालाय." आमच्याकडे पाडा नसतोच मुळी, वाडी असते. पण ते राहू द्या. दुसऱ्या ओळीपाशी मी थांबले. खरं सांगते, भीती वाटत होती. स्कूटीचं पेट्रोल, खोलीचं भाडं, सगळं ह्या नोकरीवर. मी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला.

"हे नको," मी म्हटलं. "मी दुसरी गोष्ट सांगते."

"दुसरी? आमोदची?"

"माझी."

मॅडमनी खांदे उडवले. "ओके. शॉर्टमध्ये."

मी सुरू केलं. "वसुबारसेचा दिवस आहे. बंगल्यात चांदणीची सासू गाय-वासराची पूजा मांडतेय. चांदणी विचारते, वाघ कुठाय? सासू म्हणते, कसला वाघ? चांदणी म्हणते, आमच्याकडे आजच्या दिवशी वाघबारस असते. आम्ही गाईची नाही, वाघाची पूजा करतो…" इथवर आले आणि बघते तर मॅडम फोनवर काहीतरी टाइप करत होत्या. मी थांबले.

"बोल ना. ऐकतेय मी."

"हं म्हणा मग."

"सॉरी?"

आता हे माझं चुकलंच म्हणा. चॅनेलच्या माणसासमोर असं करायचं नसतं, हे मलाही कळतं. पण मला गोष्ट सांगायची दुसरी रीत येतच नाही. आमच्या वाडीत कुणी गोष्ट सांगायला बसलं की ऐकणाऱ्यानं दर वाक्याला हुंकार द्यायचा. हं. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. झोपलेल्या माणसाला गोष्ट सांगत नाहीत. उरलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या मानेवर बसते म्हणतात.

"आमच्यात हुंकाराशिवाय गोष्ट पुढे जात नाही," मी म्हटलं. "सवय आहे तशी. मला बोलताच येत नाही."

मॅडमचं तोंड बघण्यासारखं झालं. त्या आता मला बाहेर काढणार, असं मला वाटलं, तेवढ्यात शेजारून जाड आवाज आला. "हं!"

रविराज शेठ. खुर्ची पुढं ओढून बसले होते. "आमच्या मळ्यात बी असंच असायचं," ते मॅडमना म्हणाले. "हं म्हना ओ मॅडम, काय जातंय? सांगा ताई. वाघाची पूजा करत्यात. हं!"

मग मी सांगत गेले. वाघबारसेला डोंगरावर वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावतात. हं. रानातच खीर शिजते. हं. मग एका पोराला वाघ करतात, खीर खाऊ घालतात, आणि सगळा गाव काठ्या घेऊन त्याच्याभोवती उभा राहतो. विचारतात, आमच्या शिवारात येशील का? वाघ म्हणतो, नाही येणार. मग तो पळतो आणि गाव त्याला शिवेपर्यंत पळवून लावतो. हसतखिदळत. खेळच असतो.

"क्यूट आहे," मॅडम म्हणाल्या. "हं. पण ड्रामा?"

"त्याच दिवशी चांदणी वाघबारसेला माहेरी जाते, आणि मागोमाग तिचा सासराही तिच्या गावात येतो. तिथं त्याला रिसॉर्ट बांधायचंय. जमिनीची मोजणी करणारी माणसं घेऊन आलाय. गोड बोलतोय. आपण आता सोयरे झालो, जमीन काय, घरातल्या घरात."

"हं," शेठ म्हणाले. ह्या वेळी जरा हळू.

"गावाला सगळं कळतंय. पण पाहुणा आहे, मुलीचा सासरा आहे. तोंडावर कसं बोलणार? तेव्हा भिमाई आत्या पुढे होते आणि म्हणते, व्याही, दर वर्षी एखादं पोर वाघ होतं. औंदा तुम्ही आलात. आज वाघ तुम्ही."

"हं!" हा मॅडमचा. फोन पालथा पडला होता.

दार उघडून आमोद सर आत आले, घामाघूम. "माफ करा, तो चौक म्हणजे… कुठवर आलो आपण? हळद लागली का?"

"श्श!" मॅडम म्हणाल्या. सर उभेच राहिले.

"सासरा खूश. मान दिला म्हणतो. शेंदूर लावून घेतो, फोटो काढून घेतो. द्रोणभर खीर खातो. आणि मान वर करून बघतो तर अख्खा गाव भोवती उभा. हातात काठ्या. कुणी हसत नाहीये. सगळ्यांच्या पुढे त्याची स्वतःची सून. चांदणी. डोक्यावर पदर, हातात काठी. ती विचारते, आमच्या शिवारात येशील का? सासऱ्याला! अरे-तुरे! कारण वाघाला अहो-जाहो नसतं."

"हं, हं."

मी थांबले.

"मग?" मॅडम म्हणाल्या. "काय म्हणतो तो?"

"ते सांगते. आधी माझं नाव कुठे लागणार ते सांगा."

मग सर हसले, ते त्यांचं कोरडं हसू. "मॅडम, नम्रता आपली सल्लागार आहे. करारातच आहे, तिनं दिलेली माहिती प्रॉडक्शनची."

"माहिती घ्या ना, सर. वाघबारस घ्या, खीर घ्या, शेंदूर घ्या. ते सगळं आमच्या गावाचं आहे, माझ्या एकटीचं नाहीच. पण सासरा तिथे मी उभा केलाय आणि तो काय म्हणतो ते मी रचलंय. करारात असेल तर काढा त्यातून."

"लुक, नम्रता," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "क्रेडिट वगैरे आपण नंतर…"

"नंतर मी खूप दिवस ऐकतेय, मॅडम. कथा आणि संवाद माझ्या नावावर. नाहीतर सासरा बसू दे तिथेच खीर खात." आणि मी उठून निघाले.

सर पार्किंगपर्यंत मागे आले. "कानामागून आली आणि तिखट झाली! अगं, मी आणलं तुला. लग्नं शूट करत होतीस."

"आणलंत. उपकार आहेत. पण लिहून मी दिलं."

"तुला काय वाटतं, मी सुरुवातीपासून गद्रे होतो? तरुणपणाची सगळी वर्षं मी दुसऱ्याच्या नावावर लिहिलं. त्या माणसाला बक्षिसं मिळाली, मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. हे असंच असतं." त्यांचा आवाज जरा फाटला. मला वाईट वाटलं, नाही असं नाही.

"सर, सासूनं छळलं म्हणून सुनेला छळायचं, हीच आपली मालिका आहे ना? त्याचे एपिसोड पुष्कळ झाले." मी हेल्मेट घातलं आणि स्कूटी काढली. बाणेरपर्यंत रडत आले. रागानं रडले, पण रडले.

पुढे काही दिवस कुणाचा फोन नाही. हात दाखवून अवलक्षण, असं माझी रूममेट निशा म्हणाली. मलाही रात्री तसंच वाटायचं. बापाला सांगितलं. "काम सोडलंस व्हय?" तो म्हणाला.

"नाव मागितलं, बा. दिलं नाही."

"मंग बरं केलंस," तो म्हणाला, आणि पावसापाण्याचं बोलायला लागला.

मी परत लग्नांवर जायला लागले. हडपसरच्या एका मंगल कार्यालयात अक्षता पडून गेल्या होत्या, पंगत बसली होती, मी कॅमेरा घेऊन जिलबी वाढणाऱ्यांच्या मागे फिरत होते. मागून कुणीतरी खांद्यावर बोटानं टकटक केलं. रविराज शेठ, डोक्याला फेटा. हडपसरच्या लग्नात शेठ नसतील असं होत नाही, सगळे त्यांचे भाऊबंदच.

"ताई," ते कानाशी येऊन म्हणाले, "त्यो म्हातारा काय म्हनला ओ?"

मला हसूच आलं. "कोणता म्हातारा?"

"गंमत करू नका. झोप न्हाय मला. आमोदनं तीन शेवट लिहिले. एकात सासरा हार्ट अटॅकनं पडतो, एकात खरा वाघ येतो. तिसरा तर मी ऐकलाच न्हाय. शेफाली मॅडम सगळ्यांना न्हाय म्हनल्या. वाघबारस तोंडावर आली, शूटिंग खोळंबलंय."

"नाव?"

शेठ पंगतीकडे बघत म्हणाले, "आमच्या आज्ज्याच्या मळ्यात मोजनीची मान्सं आली तवा त्यानं च्या पाजला त्यास्नी. पाव्हनं म्हनून. गावानं इचारलं न्हाय, येशील का म्हनून. इचारायला पायजे हुतं." मग फेटा सरळ केला. "नाव लागंल. कथा बी, संवाद बी. उद्या या. आमोदला पटकथा ऱ्हाऊ द्या, त्याचं घर चालतंय त्याच्यावर."

"राहू दे की. पटकथा तेच चांगली करतात," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी कर्वेनगरला करार झाला. मी तो प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचला, सर चहा थंड होईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग शेफाली मॅडमना व्हिडिओ कॉल लावला आणि मी उरलेली गोष्ट सांगितली.

सासरा हसतो. खेळ आहे असं समजून म्हणतो, "नाही येणार बुवा!" आणि गाडीत जाऊन बसतो. पण वाघाला शिवेपर्यंत पळवायचं असतं, गाडीत बसला म्हणून काय झालं? चांदणी गाडीमागे धावते. तिच्यामागे भिमाई, तिच्यामागे अख्खा गाव, म्हातारेकोतारे, पोरंबाळं, काठ्या आपटत. तो आरशात बघतो आणि त्याचं हसू जातं. शीव ओलांडल्यावर तो मोजणीवाल्यांना फोन लावतो. परत फिरा म्हणतो.

"आणि सून घरी येते तेव्हा?" मॅडम म्हणाल्या.

"तेव्हा तो दारात उभा आहे. शेंदूर पुसून पुसून कपाळ लाल झालंय. ती म्हणते, बाबा, पुढच्या वर्षी परत विचारणार आम्ही. वाघाला दर वर्षी विचारावं लागतं. तो विसरतो."

आमोद सर खिडकीतून वळले. "इथे एपिसोड तोडायचा," ते म्हणाले. "शिवेवर नाही. इथे, दारात." बरोबर होतं त्यांचं. मी तसं लिहून घेतलं.

मॅडम तर खुर्चीतून उठल्याच. "अमेझिंग! नम्रता, आपण ह्याचा वेगळा प्रोमो करू. तुझा चेहरा, मागे डोंगर, आणि मोठ्या अक्षरात, 'मालिकेची आदिवासी लेखिका, नम्रता असवले.' टायटल्समध्येही तसंच घेऊ. 'आदिवासी लेखिका.' लोकांना कनेक्ट होईल!"

मी शेठकडे बघितलं. त्यांना ते आवडलेलं दिसत होतं. सरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, आता ही काय करते म्हणून. इतकं भांडून मिळालं होतं, हो म्हणून मोकळं व्हावं असं क्षणभर वाटलंही. आदिवासी तर मी आहेच. आईच्या पोटातून आहे, त्याची मला लाज नाही, कुणाच्या बापाची भीती नाही. पण ते माझं आहे. ते मी सांगेन, मला हवं तिथे, हवं तेव्हा.

"छान आहे, मॅडम," मी म्हटलं. "मग पटकथेला काय लिहिताय? 'कोकणस्थ पटकथाकार, आमोद गद्रे'?"

शेठ फस्सकन हसले आणि चहा सांडला. मॅडमचा चेहरा स्क्रीनवर अडकल्यासारखा झाला. नेट गेलं असं मला आधी वाटलं.

"माझी हरकत नाही," आमोद सर चष्मा पुसत म्हणाले. "पण मग सगळ्यांचंच लिहा. स्पॉटबॉयपासून चॅनेलपर्यंत."

"नको नको," मॅडम घाईनं म्हणाल्या. "ते कसं दिसेल!"

"तेच म्हणतेय मी."

"बरं बाई," त्यांनी पेन उचललं. "मग तुझ्या नावाच्या आधी काय लिहू?"

"कथा," मी म्हटलं.